काठी किती भरली

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सूनबाईने सासऱ्यांच्या मोजकाठीला टेप लावला. काठी साडेसात सेंटिमीटर कमी भरली.

सूनबाई भूमापक होती. भांडणाऱ्या भावाभावांच्या मधोमध उभं राहून आकडा सांगायचा आणि तोंड मिटून घ्यायचं, हे काम तिने बावीस वर्षं केलं होतं. म्हणून तिने दुसऱ्यांदा मोजलं, मग टेप बदलून तिसऱ्यांदा. काठी एकशे तीस भरायला हवी होती. ती एकशे साडेबावीस भरली.

खरं तर ती काठी मोजायला गेलीच नव्हती. स्वयंपाकघराचं दार फुगून घासत होतं आणि सुताराने चौकटीची मापं मागितली होती. चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या. वरची ताईची, म्हणजे नणंदेची; खालची धाकट्याची, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याची. या घरात मूल मोठं झालं की नाही ते वयावरून ठरत नसे. सासरे, म्हणजे पालिकेच्या उद्यान विभागातले मोजणीदार, आपली काठी चौकटीला उभी लावत, टोकापाशी रेघ मारत, आणि मुलाचं डोकं रेघेला पोचलं की ते ‘काठीला लागलं’ असं जाहीर करत. मग त्याला एकट्याने रस्ता ओलांडायची परवानगी मिळे आणि रविवारी वडिलांबरोबर झाडं मोजायला जाता येई. ताई नवव्या वर्षी काठीला लागली. धाकटा आठव्याच वर्षी. ही एका वर्षाची आघाडी तो पस्तीस वर्षं बहिणीला ऐकवत आला होता. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने ती बायकोलाही ऐकवली होती.

काठी एकच, तर रेघाही एकाच उंचीवर हव्या होत्या. धाकट्याची रेघ चार सेंटिमीटर खाली होती. एकवीस वर्षं सूनबाई त्या दारातून ये-जा करत होती आणि तिला ते आज दिसलं.

तिने काठी उलटी केली. खालच्या टोकाला लोखंडी टोपी असायला हवी होती, ती नव्हती. लाकूड वापरलेल्या खडूसारखं गोल झिजलं होतं.

त्याच दिवशी दुपारी दोनला पालिकेच्या स्थायी समितीची बैठक होती. अध्यक्ष ताई होती. चौथा विषय झाडांच्या संरक्षणाचा नियम. त्यासाठी ताई तीन वर्षं खपली होती. जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटर उंचीवर ज्याचा घेर नव्वद सेंटिमीटर किंवा जास्त, ते झाड संरक्षित. एका रस्त्यावर अशी तीस झाडं असली, तर ती अख्खी रांग संरक्षित. पाचवा विषय हॉस्पिटल रस्त्याच्या रुंदीकरणाचा खर्च. तो प्रस्ताव रस्ते विभागाच्या अभियंत्याचा होता आणि अभियंता होता धाकटा.

हॉस्पिटल रस्त्यावर एक्केचाळीस झाडं होती. मोजणीदारांच्या वहीप्रमाणे त्यांतली तेहेतीस संरक्षित ठरत होती. त्या वहीशिवाय पालिकेकडे दुसरा आकडाच नव्हता, कारण मोजणीदार निवृत्त झाले तेव्हा उद्यान विभागाने त्यांची जागा भरली नाही आणि ते पुढची एकवीस वर्षं बिनपगारी मोजत राहिले. घेर टेपनेच घ्यायचा, पण तो खोडावर किती उंचीवर गुंडाळायचा हे काठी सांगायची. काठी आखूड झाली की टेप खाली उतरतो, आणि खाली खोड जाड असतं. तेहेतीसपैकी सहा झाडांचे आकडे नव्वद-एक्क्याण्णवच्या आसपास होते. सूनबाईने मनात वजाबाकी केली. सत्तावीस.

हे तिने सर्वांत आधी आत्याला सांगितलं, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. आत्या म्हणजे मोजणीदारांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिली आणि ती पोटात ठेवली. तिने चष्मा लावून काठीचं बूड पाहिलं, मग दाराच्या रेघा पाहिल्या, मग बराच वेळ हसली.

“म्हणजे धाकटा काठीला लागलाच नव्हता. काठीच त्याला लागायला खाली आली.”

मग ती गंभीर झाली. बैठकीला चार तास उरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिचं म्हणणं पडलं. सुताराला मापं द्यावीत, काठी खुंटीला टांगावी आणि चहा ठेवावा. बुधवारी सकाळी आठवण झाल्यासारखं करून मग सगळं बोलावं.

सूनबाईने चहा ठेवला. काठी मात्र टांगली नाही. ती टेबलावर आडवी ठेवून तिने नवऱ्याला फोन लावला.

*

धाकटा अकराच्या आत घरी आला. काखेत नकाशांची गुंडाळी होती. त्या गुंडाळीत त्याची चार वर्षं होती. पुलापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत अँब्युलन्सला सरासरी अकरा मिनिटं लागतात. त्याने स्वतः चालकाशेजारी बसून चौदा वेळा घड्याळ लावलं होतं. रस्ता रुंद झाला की चार मिनिटं लागणार. त्या सात मिनिटांत काय होतं, हे तो सभागृहात कधी बोलला नव्हता. अभियंत्याने आकडाच सांगावा, असं त्याला वाटे.

त्याने काठी हातात घेतली. नंतर दाराशी गेला, खालच्या रेघेपाशी वाकला आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

“चार?”

“चार,” सूनबाई म्हणाली.

“म्हणजे मीही नवव्याच वर्षी.”

“तेही धरूनच चाल,” आत्या म्हणाली.

यापुढे काय करायचं ते त्याला सरळ दिसत होतं आणि म्हणूनच तो अस्वस्थ झाला. दुपारी उभं राहून एक वाक्य बोलायचं: वहीतले आकडे चुकीच्या उंचीवर घेतलेले आहेत. नियम मंजूर झाला तरी रांग संरक्षणातून सुटली असती आणि रस्ता मोकळा झाला असता. समितीतले एक चष्मेवाले सदस्य तर अशा वाक्याची वाटच पाहत होते. गेल्या बैठकीत ते म्हणाले होते की या शहराची अर्धी बैठक अध्यक्षबाईंच्या जेवणाच्या टेबलावर उरकते, आपण इथे नुसते पाणी प्यायला येतो.

पण ते वाक्य बोलायचं म्हणजे भर सभागृहात बापाचं माप काढायचं.

त्याने बायकोला सांगितलं की तो यातलं काही वापरणार नाही. लपवणारही नाही. कोणी विचारलं तर खरं सांगेल. सूनबाई म्हणाली की हे कुंपणावर बसणं झालं, आणि हद्दीच्या कामात कुंपणावर बसणाऱ्याला दोन्हीकडून ढकलतात. मग दोघांनी मिळून ताईला फोन केला. पुलाच्या कामावरून समितीत झालेल्या भांडणानंतर सात महिने बहीणभाऊ बोलत नव्हते, त्याची दोघांनाही आठवण होती.

*

ताई कार्यालयात विषयपत्रिका वाचत होती. फोन घेतल्यावर ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली की हे आज सापडायचं होतं का. मग गाडी काढून घरी आली. साडेअकरा झाले होते.

तिने काठीकडे पाहिलं नाही. भावाकडे पाहिलं. हे त्याच्या खात्यानेच शोधून काढलं का, असं तिने विचारलं. धाकटा काही बोलायच्या आत सूनबाई म्हणाली, “सुताराने शोधलं, ताई. त्याला चौकटीचं माप हवं होतं.”

ताई खुर्चीत बसली. डोकं दुखत होतं. ती चोपन्न वर्षांची होती, तीनदा निवडून आली होती, आणि आयुष्यात एकदाच तिच्या नावावर काही उभं राहणार होतं. नाली नाही, फलक नाही, एक नियम. त्या नियमातला एकशे तीसचा आकडाही तिने वडिलांच्या काठीवरूनच घातला होता. तिने मोठ्याने हिशेब मांडला. साडेसात सेंटिमीटरने घेरात असा किती फरक पडणार? एक, फार तर दोन. नियम आज मंजूर होऊ दे, वही आज दाखल होऊ दे, मग अध्यक्ष म्हणून तीच फेरमोजणी मागेल. क्रम बदलला म्हणून काही ते खोटं ठरत नाही.

“आठवण झाल्यासारखं करून,” सूनबाई म्हणाली.

आत्याने चहाच्या कपात नजर घातली. सकाळपासून तिचं मत तेच होतं. पण ताईच्या तोंडून ऐकल्यावर ते तिला आवडेनासं झालं. आपल्या दादाची वही कोणी घाईघाईने पुढे सरकवावी, एवढी ती हलकी नव्हती.

“तू नवव्या वर्षी काठीला लागलीस ना,” ती ताईला म्हणाली, “त्याच्या आदल्या वर्षी अर्धं बोट कमी पडत होतीस. टाचा उचललेल्या दिसल्या तेव्हा दादाने तुला वर्षभर थांबवलं. तेव्हा रडली होतीस. नंतर मात्र तीच गोष्ट सगळ्या शाळेला सांगत फिरलीस.”

ताईने दारावरच्या वरच्या रेघेकडे पाहिलं.

फाटक वाजलं. मोजणीदार फिरून आले होते. हल्ली ते डॉक्टरांनी दिलेली रबरी बुडाची छडी वापरत. लांब काठी फक्त मोजणीच्या दिवशी बाहेर निघे. दारात उभे राहून त्यांनी आधी माणसं मोजली. मंगळवारी दुपारी बारा वाजता घरात चौघं, आणि टेबलावर काठी.

 सूनबाईच पुढे झाली. तिने प्रस्तावना केली नाही.

“बाबा, काठी कमी भरतेय.”

“किती?”

“साडेसात.”

“टेप कुठला?”

“दोन्ही लावून पाहिले.”

मोजणीदार बसले. त्यांनी काठीचं बूड स्वतःच्या तळव्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. आता म्हातारा कोसळतो की काय, असं धाकट्याला वाटलं. पण मोजणीदार आठवत होते. काही वेळाने त्यांनी कपाटातून चौथी वही आणायला सांगितली. नंतर म्हणाले, पाचवी आणा. आणि पाचव्या वहीत, अडतीस वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या समासात, त्यांच्या सरळ अक्षरात ओळ निघाली: ‘आज काठीची लोखंडी टोपी गळून पडली. लांबी तीन सें.मी. नवीन बसवणे.’

नवीन बसवली गेली नव्हती. त्या आठवड्यात धाकटा तापाने फणफणला होता. मग राहून गेलं, आणि नंतर काठी फुटपाथच्या दगडांवर दर वर्षी थोडी थोडी झिजत राहिली.

“दुसऱ्याच्या काठीची टोपी पडली असती,” मोजणीदार म्हणाले, “तर मी त्याला कामावरून घरी पाठवलं असतं.”

“दादा, तू तीन वाजेपर्यंत आडवा हो,” आत्या म्हणाली.

“दोन वाजता बैठक आहे ना? माझा कोट काढ.”

ताईने समजवायचा प्रयत्न केला. तिथे चष्मेवाले असतील, वर्तमानपत्रांची माणसं असतील, लोक हसतील. मोजणीदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. लोकांना हसायचं तर हसू दे, एवढंच त्यांचं उत्तर होतं. निघताना मात्र ते सुनेपाशी थांबले.

“तीनदा मोजलंस ना?”

“तीनदा.”

“बरोबर केलंस.”

बावीस वर्षांच्या नोकरीत सूनबाईला दोन प्रशस्तिपत्रं मिळाली होती. ती कुठे ठेवली आहेत, हे तिला आज सांगता आलं नसतं.

*

सभागृहात अकरा सदस्य होते. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळत. वेळ संपली की कारकुनाच्या टेबलावरचा लाल दिवा लागे. चौथा विषय पुकारल्यावर अध्यक्षांनी सांगितलं की पुढचे वक्ते त्यांचे वडील आहेत, तेव्हा या विषयापुरती त्या खुर्ची सोडत आहेत. उपाध्यक्ष खुर्चीत बसले. ताई भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिथे नकाशांची गुंडाळी घेऊन भाऊ आधीच उभा होता. तिने हात पुढे करून गुंडाळीचं एक टोक धरलं, कारण ती घसरत होती.

मोजणीदारांनी खात्याचा जुना कोट घातला होता. खांद्यावर सैल झाला होता, पण पितळी बिल्ला चकचकीत होता. आत्याने गाडीत बसून तो लुगड्याच्या पदराने घासला होता. त्यांनी काठी मेजावर आडवी ठेवली, शेजारी पाचवी वही.

“ही काठी झिजलेली आहे,” ते म्हणाले. “माझ्या सुनेने आज सकाळी मोजली. अडतीस वर्षं मी खोडाचा घेर हवा त्याहून खाली घेतला. हॉस्पिटल रस्त्यावरची तेहेतीस झाडं मी तुम्हाला सांगितली. त्यांतली किती खरी आहेत, ते आज मला माहीत नाही.”

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. चष्मेवाल्या सदस्यांनी माइक जवळ ओढला आणि विचारलं, मग आता ही वही रद्दीत घालायची का.

मोजणीदारांनी वही उघडून समासातली ओळ वाचून दाखवली, तारखेसकट. त्या तारखेच्या आधीचं प्रत्येक माप बरोबर आहे. नंतरचं प्रत्येक माप चुकलेलं आहे आणि सगळी एकाच बाजूला चुकलेली आहेत.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “पण ती कुठे सुरू झाली, ते मी लिहून ठेवलेलं आहे. तुमच्या कार्यालयात अशी दुसरी वही असेल तर दाखवा. मग ही रद्दीत घाला.”

लाल दिवा लागला. कारकुनाने हात पुढे केला आणि दिवा विझवला. पुढे इतिवृत्तात ही गोष्ट आली नाही, पण सभागृहातल्या प्रत्येकाने ती पाहिली.

 चष्मेवाल्यांनी माइक दूर सारला आणि वही जवळून पाहायला मागितली. त्यांनी मधलीच पानं उलटली. आपल्या गल्लीतलं झाड शोधलं, त्याचा लहानपणचा घेर वाचला आणि वही दोन्ही हातांनी परत दिली.

धाकट्याला बोलायला बोलावलं, तेव्हा त्याने रस्त्याची सात मिनिटं सांगितली. या वेळी आकड्यावर न थांबता त्या मिनिटांत काय होतं तेही सांगितलं. मग तो म्हणाला की फेरमोजणी होईपर्यंत त्याचा प्रस्ताव थांबवावा. रांग संरक्षित ठरली तर तो झाडांना धक्का न लावता दुसरा मार्ग काढेल. त्याला आणखी दोन वर्षं लागतील आणि खर्च वाढेल, हेही त्याने लपवलं नाही. ताईने भिंतीपाशी उभं राहून ऐकलं. पुलाच्या वेळी तो असा बोलला असता, तर तिने त्याच्याशी सात महिने अबोला धरला नसता. तो पुलाच्या वेळीही असाच बोलला होता, हे तिला सभागृहातून बाहेर पडताना आठवलं.

नियम आठ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. ताईने मत दिलं नाही. चष्मेवाल्यांनी बाजूने दिलं. रस्त्याचा खर्च फेरमोजणीपर्यंत रोखून धरण्यात आला. मोजणी बाहेरच्या भूमापकाने करावी आणि दोन्ही विभागांनी हजर राहावं, असं ठरलं.

 परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आत्या म्हणाली की एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षांत तिने बरीच मोठी माणसं बोलताना ऐकली, पण कोणी स्वतःहून आपला राँग नंबर कबूल केला नव्हता.

*

गुरुवारी सकाळी सातला हॉस्पिटल रस्त्यावर मोजणी सुरू झाली. बाहेरगावहून आलेला भूमापक नवा, धातूचा मापदंड घेऊन आला होता. त्याने तो आधी सूनबाईच्या टेपला लावून दाखवला. एकशे तीस. मोजणीदार दुमडत्या स्टुलावर बसले होते. दर झाडाला आत्या ते स्टूल पुढे सरकवत होती. वही त्यांनी घरीच ठेवली होती.

साडेअकरापर्यंत चाळीस झाडं झाली. वहीतल्या काठावरच्या सहांपैकी तीन नव्वदच्या खाली आली. दोन नव्वदच्या वर टिकली. संरक्षित झाडं एकोणतीस झाली होती. सहावं राहिलं होतं. शेवटचं, एक्केचाळीस नंबरचं, फाटकाला लागून.

भूमापकाने मापदंड उभा केला आणि टेप गुंडाळला. चौऱ्याण्णव. ताईने श्वास सोडला. धाकट्याने मान खाली घातली आणि नकाशांची गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली.

“थांबा,” मोजणीदार म्हणाले. “तिथे गाठ आहे. गाठीवर मोजत नाहीत.”

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कोणाला दरदरून घाम फुटला असता. भूमापकाने खोडावर हात फिरवला. जुनी फांदी तुटून भरून आलेली गाठ होती, नेमकी एकशे तीसवर. त्याने गाठीच्या वर मोजलं. अठ्ठ्याऐंशी. खाली मोजलं. एक्क्याण्णव. मग त्याने पिशवीतून परवा मंजूर झालेला नियम काढून दोनदा वाचला. खोडाला गाठ असेल तर कुठे मोजायचं, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. ते लिहायचं ताईच्या लक्षात आलं नव्हतं.

धाकटा स्टुलापाशी उकिडवा बसला. “बाबा, तुम्ही वहीत काय लिहीत होता?”

“ते मी सांगणार नाही,” मोजणीदार म्हणाले. “तुलाही नाही आणि ताईलाही नाही. नियम तुमचा आहे.”

ते हसत होते. फाटकातून अँब्युलन्स आत गेली तेव्हा सगळ्यांनी पाय मागे घेतले.

भूमापकाने दोन्ही आकडे लिहिले, शेजारचा रकाना कोरा ठेवला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी कागद स्थायी समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिला. समितीची पुढची बैठक मंगळवारी दुपारी दोनला आहे.